पिकअपचे पुढचे ब्रेक वाजतात? पॅड बदलण्याआधी हे वाचा

ब्रेकचा आवाज घेऊन आलेल्या गाडीमालकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "नवे पॅड बसवून द्या." पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, दोन्ही बाजूंनी आवळणारे तुकडे. ते बदलण्याची दर वेळी गरज नसते. गरज असते तेव्हा मात्र एक फेरीही पुढे ढकलू नये. आवाज कधी आणि कसा येतो, यावरून बरंच कळतं.

गाडी रात्रभर पावसात उभी होती किंवा नुकतीच धुतली, आणि सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला आवाज येऊन थांबला, तर तो डिस्कवरचा गंजाचा पातळ थर. काही करू नका.

रोज, दिवसभर बारीक शिट्टी येत असेल तर पॅडची जाडी बघायला हवी. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमीचा असतो. २-३ मिमी उरला की त्यावरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून इशारा देते. सगळ्याच पॅडना ही पट्टी नसते, म्हणून आवाजाची वाट न बघता अधूनमधून तपासून घ्या. शिट्टीची खरखर झाली म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. गाडी जागेवर थांबवा, माल दुसऱ्या गाडीत भरा.

आपल्याकडे मात्र पॅड शिल्लक असतानाही ब्रेक वाजतात, आणि त्याचं मोठं कारण माती. रावेर-यावलकडे केळी भरायला गाडी थेट बांधापर्यंत जाते. काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसून वाळतो आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम होतात. मग एक पॅड डिस्कला चिकटून राहतो, लवकर झिजतो आणि वाजतो. अशा वेळी पिन काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. चेसीसचं ग्रीस चालत नाही, त्यानं पिनचं रबर फुगतं. पॅडच्या क्लिपा आणि मागच्या पातळ पट्ट्याही परत बसवाव्यात. थरथर त्याच शोषतात. त्या फेकून दिल्या तर नवे पॅडसुद्धा वाजतील.

दुसरं कारण घाट. कन्नड घाटातून चाळीसगावला किंवा तोरणमाळहून खाली भरलेली गाडी ब्रेकवर पाय ठेवून उतरवली की पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात. वरवरची चकाकी पॉलिश पेपरनं निघते. तडे असतील तर पॅड बदलावेच लागतात. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीही नाही. खाली आल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकडी होऊ शकते.

आवाज बंद करायला डिस्कवर ऑइल, डिझेल किंवा ग्रीस लावू नका. आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल. हात जोडून सांगतो, हे कुणीही करू नये. तेल प्यायलेला पॅड फेकावाच लागतो.

पॅड बदलताना दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदला. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरू नका. गाडी बाहेर काढण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून हळू ब्रेक लावत १० वर आणा, मध्ये डिस्कला गार होऊ द्या, असं आठ-दहा वेळा करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

आमच्या गॅरेजमध्ये याल तेव्हा आवाज थंड गाडीत येतो की तापल्यावर, सरळ रस्त्यावर की वळणावर, रिकामी असताना की भरलेली, एवढं लक्षात ठेवून या. शक्यतो गाडी चालवणाऱ्यालाच पाठवा. काढलेले पॅड तुमच्यासमोर मोजतो. जाडी पुरेशी असेल तर तेच साफ करून परत बसवतो.