पहिलं शस्त्र घेताना आणि घरी नेताना

आमच्या शस्त्रांच्या दुकानात पहिल्यांदा येणारा गिऱ्हाईक विचारतो, "यातलं चांगलं कुठलं?" आम्ही त्याच्याकडे आधी परवाना मागतो. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही, मूळ परवानाच लागतो. तो पाहिल्याशिवाय कपाटाची किल्ली हातात घ्यायची नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा शिरस्ता आहे.

परवान्यावर तीन गोष्टी आम्ही आपल्यासमोर वाचतो: शस्त्राचा प्रकार, मुदत आणि क्षेत्र. रिव्हॉल्व्हर लिहिलं असेल तर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदूक देता येत नाही. 9 मि.मी. पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर'मध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणाऱ्या मापात मोडतं, त्यामुळे मित्राकडे पाहिलं म्हणून ते मागू नये. आपल्यासारख्यांना मिळतं ते बहुधा पॉइंट बत्तीस (.32) बोअरचं. शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. आजोबांची जुनी बंदूक आपल्या नावावर असेल तर तीही या दोनांत धरली जाते.

क्षेत्राकडे मात्र कुणी बघत नाही. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर कागल ओलांडून निपाणीला लग्नाला जाताना शस्त्र घरीच ठेवायचं. निपाणी आपल्याला गावातलीच वाटते, पण कायद्याला ते कर्नाटक आहे. बांद्याच्या पुढे गोव्याचंही तेच.

व्यवहार ठरला की शस्त्राचा क्रमांक आपण स्वतः वाचायचा. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून आम्ही उजेडाकडे धरतो. सहाही घरांतून उजेड आरपार दिसला पाहिजे. मग शस्त्रावरचा, पावतीवरचा, परवान्यावरचा आणि आमच्या रजिस्टरमधला क्रमांक एकेक अंक बोट ठेवून जुळवायचा. एकदा आमच्याच हातून 3 चा 8 झाला होता. गिऱ्हाईक घाईत होता, आम्हीही होतो. तो एक अंक दुरुस्त करायला दोघांचे मिळून चार हेलपाटे झाले. काडतुसांचीही अशीच नोंद होते. किती घेता येतील ते परवान्यावरच्या आकड्यावर ठरतं.

आता घरी नेणं. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं, असं 2016चे शस्त्र नियम सांगतात. शस्त्र रिकामं आणि काडतुसं वेगळ्या खोक्यात, हा आमचा आग्रह. वाटेत जेवायला थांबलात तर गाडीत ठेवून जाऊ नका. ड्रायव्हरकडे देऊन "तू हो पुढे" असंही नाही. परवाना नसलेल्या माणसाला आपल्यादेखत किंवा आपल्या लेखी संमतीने शस्त्र नेता येतं, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा आपल्याच वापरासाठी. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र नेऊच नये.

घरी पोचलात की फोटो स्टेटसला टाकायचा मोह होतो. घरात काय आहे आणि कुठे आहे, हे चोराला कळवण्याची घाई कशाला? शस्त्र कुलपात, किल्ली आपल्याकडे. मग परवाना देणाऱ्या कार्यालयाने सांगितलेल्या मुदतीत शस्त्र दाखवून नोंद करून घ्यावी. आपल्या जिल्ह्यात ते जिल्हाधिकारी कार्यालय. पुण्या-मुंबईच्या परवान्याला पोलिस आयुक्तालय.

वरातीत हवेत बार काढायचा विचार असेल तर आम्हाला सांगूही नका. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेतात रानडुकरं येतात म्हणून बंदूक घेणाऱ्यांनाही एक सांगणं: शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. त्यासाठी वनखात्याकडेच जावं लागतं.

निवडणूक लागली की पोलिस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना पावती घ्या आणि ती परवान्यातच ठेवा. परत आणायला गेल्यावर पहिली तीच मागतात.