चार्ली सिफर्ड आणि पीजीएचं ते कलम

लॉस एंजेलिसची जेनेसिस इन्व्हिटेशनल ही गोल्फ स्पर्धा दर वर्षी एक जागा अल्पसंख्याक समाजातल्या खेळाडूसाठी राखून ठेवते. त्या जागेला नाव आहे कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्डचं. ही स्पर्धा लॉस एंजेलिस ओपन या नावाने चालायची तेव्हा, 1969 साली, प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळात, हॅरल्ड हेनिंगला हरवून सिफर्डने ती जिंकली होती. वय 46. मग उमेदीची वर्षं गेली कुठे? त्याचं उत्तर पीजीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या, जुन्या घटनेत आहे.

1934 मध्ये त्या घटनेत एक कलम आलं: सभासदत्व फक्त गोऱ्या वंशाच्या खेळाडूंनाच. टूरच्या, म्हणजे वर्षभर गावोगाव चालणाऱ्या व्यावसायिक मालिकेच्या, स्पर्धा पीजीएच्या हातात, त्यामुळे सभासदत्व नाही तर खेळणंही नाही.

सिफर्डचा जन्म 1922 चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरातला. गोऱ्यांच्या क्लबात कॅडी म्हणून खेळाडूंच्या काठ्यांच्या पिशव्या वाहता वाहता तो खेळ शिकला. दिवसाला 60 सेंट मिळायचे. त्यातले 50 आईच्या हातावर ठेवायचे आणि उरलेल्या दहाचे सिगार घ्यायचे, तेही पोरवयात! पुढे तोंडातला सिगार हीच त्याची ओळख झाली. महायुद्धात लष्करात नोकरी करून तो 1948 मध्ये व्यावसायिक झाला. काही वर्षं गायक बिली एक्स्टाइनला गोल्फ शिकवून त्याने पोट भरलं. कृष्णवर्णीयांची वेगळी संघटना होती, तिची राष्ट्रीय स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकली. तिथलं बक्षीस मात्र तुटपुंजं.

कलमाविरुद्धची लढाई आधी लढला तो दुसरा कृष्णवर्णीय गोल्फपटू बिल स्पिलर, आणि त्याचं नाव आज फारसं कोणी घेत नाही. 1948 च्या लॉस एंजेलिस ओपनच्या पहिल्या फेरीत त्याने 68 चा स्कोअर करून (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं) नामांकित गोल्फपटू बेन होगनची बरोबरी साधली होती. तरीही पुढच्याच रिचमंड ओपनमधून त्याला आणि कृष्णवर्णीय टेड ऱ्होड्सला बाहेर काढलं. त्यांनी दावा ठोकला. भेदभाव थांबवतो म्हणत पीजीएने तडजोड केली आणि मग पळवाट काढली: स्पर्धा ‘निमंत्रितांच्या’ करून टाकल्या. आमंत्रण कोणाला द्यायचं, हे यजमान ठरवणार!

1952 मध्ये सॅन दिएगोच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो लुईसमुळे वृत्तपत्रांत गाजावाजा झाला. लुईसला हौशी खेळाडू म्हणून आत घेतलं, स्पिलरला नाही. पण त्या बोभाट्यानंतर यजमानांनी बोलावलं तर कृष्णवर्णीयांना खेळता येईल, एवढी फट पडली. त्या फटीतून सिफर्ड, लुईस आणि ऱ्होड्स फिनिक्स ओपनला पोहोचले. पहिल्याच ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, झेंडा काढला तर होलमध्ये मानवी विष्ठा भरलेली. होल बदलून मिळेपर्यंत त्यांना ताटकळत थांबावं लागलं.

1961 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला सिफर्ड खेळला; अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टूर स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पहिल्या फेरीनंतर आघाडीवर होता. त्या रात्री जीवे मारण्याच्या धमकीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी एक टोळकं शिव्या देत होलमागून होल त्याच्या मागे फिरलं. तरी तो चौथा आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कलम रद्द झालं. पीजीएचं मन पालटलं, असं मानायला मी तयार नाही. स्पिलर एका क्लबात कॅडीचं काम करत असताना त्याने ही कैफियत क्लबाच्या एका सभासदापुढे मांडली. ती कॅलिफोर्नियाचे अॅटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत गेली. भेदभाव करणाऱ्या संघटनेला राज्यात स्पर्धा घेऊ देणार नाही, असं मॉस्क यांनी बजावलं. 1962 ची पीजीए चॅम्पियनशिप लॉस एंजेलिसमध्ये ठरलेली होती. ती पेन्सिल्व्हेनियाला हलवावी लागली. इतर राज्यांकडेही मॉस्क यांनी विषय नेल्यावर पीजीए नमली.

सिफर्डला हे दार चाळिशीच्या उंबरठ्यावर उघडलं. 1967 मध्ये हार्टफर्डला शेवटच्या फेरीत 64 मारून त्याने पहिली टूर स्पर्धा जिंकली, दोन वर्षांनी लॉस एंजेलिस. मास्टर्सचं, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एकीचं, बोलावणं मात्र कधीच आलं नाही. टूरची स्पर्धा जिंकणाऱ्याला तिथे आपोआप प्रवेश, हा नियम 1972 पासूनचा. त्याचा फायदा मिळून 1975 मध्ये कृष्णवर्णीय गोल्फपटू ली एल्डर तिथे खेळला.

सिफर्डचे सत्कार तरी हयातीत झाले: 2004 मध्ये गोल्फच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानवंतांच्या यादीत, समावेश, 2014 मध्ये ओबामांच्या हस्ते राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक. पुढच्या फेब्रुवारीत तो 92 व्या वर्षी वारला. स्पिलर आणि ऱ्होड्सना पीजीएने सभासद करून घेतलं ते 2009 मध्ये. तोवर स्पिलरला जाऊन 21 वर्षं झाली होती, ऱ्होड्सला 40.