आद्य रेषा

पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात अगदी सुरुवातीला उमटणारी पेशींची दाट पट्टी म्हणजे आद्य रेषा. ती उमटण्यापूर्वी भ्रूण ही पेशींची चपटी चकती असते. तिच्याकडे पाहून डोके कुठे, शेपटी कुठे, डावे कोणते, उजवे कोणते हे सांगता येत नाही. रेषा दिसली की शरीराचा अक्ष ठरल्याचे कळते. माणसात ती फलनानंतर १४-१५ दिवसांनी दिसू लागते, उंदरात सहा-साडेसहा दिवसांनी, तर उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यात सहा-सात तासांतच तिची सुरुवात होते. भ्रूणविज्ञानात खुणा पुष्कळ आहेत, पण कायद्याच्या कलमात नावानिशी जाऊन बसण्याचा मान तिच्याइतका क्वचितच कुणाला मिळाला असेल.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांनी ती बहुधा पाहिलेली असते. १८, २४, ३३, ४८ आणि ७२ तास उबवलेल्या अंड्यांतल्या भ्रूणांच्या रंगवलेल्या काचपट्ट्यांचा संच प्रयोगशाळेत असतो, त्यातली पहिली पट्टी तिचीच. ताजी रेषा पाहायची तर दुकानातले अंडे सहसा चालत नाही, कारण ते बहुधा अफलित असते. फलित अंडे अठरा तास उबवून फोडले, की बलकावरच्या पांढुरक्या चकतीच्या मध्यभागी पारदर्शक, एका बाजूला निमुळता भाग दिसतो. त्याच्या मधोमध काडीने ओढल्यासारखी रेघ, रेघेत बारीक खाच आणि पुढच्या टोकाला गाठ. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांच्यावरून तिला ‘हेन्सनची गाठ’ म्हणतात.

रेघ दिसते स्थिर, पण तिथे सतत ये-जा चालू असते. पृष्ठभागावरच्या पेशी रेषेकडे सरकतात आणि खाचेतून आत उतरतात. त्यातून तीन थर तयार होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मेंदू होतात, मध्यस्तरापासून स्नायू, हाडे व रक्त, आणि अंतःस्तरापासून आतड्याचे अस्तर. मग गाठ मागे मागे सरकू लागते आणि तिच्या वाटेवर पृष्ठरज्जू (भ्रूणाच्या पाठीतला आधाराचा लवचिक दांडा) तयार होत जाते. ब्रिटिश भ्रूणशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९३०च्या दशकात बदक आणि कोंबडीच्या भ्रूणांत रेषेचे तुकडे एकमेकांत बसवून पाहिले, तेव्हा एका जातीच्या तुकड्याने दुसऱ्या जातीच्या पेशींना मज्जासंस्था घडवायला लावले. या कामाचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणात रेषेच्या आजूबाजूच्या भागांतही असे प्रवर्तन (शेजारच्या पेशींना नवे रूप घ्यायला लावणे) घडवण्याची क्षमता आहे का, याचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात हे शास्त्र शिकवले.

उत्क्रांतीच्या दृष्टीने रेषेची गोष्ट सरळ नाही. बेडकाच्या भ्रूणात ती नसतेच. तिथे पेशी एका ओठासारख्या कडेवरून आत वळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांतही खरी रेषा दिसत नाही. त्यामुळे पक्षी आणि सस्तन यांना ती स्वतंत्रपणे लाभली असावी, असे आज मानले जाते. भरपूर बलकावर पसरलेल्या सपाट चकतीला आत वळायचे तर अशी काहीतरी सोय लागणारच. कोड्यात टाकतो तो माणूस. आपल्या अंड्यात बलक जवळजवळ नाही, तरी आपला भ्रूण सपाट चकतीच्याच रूपात वाढतो आणि त्याच्याखाली बलक नसलेला पीतकोश (बलकाची पिशवी) लटकतो. बलकातले प्रथिन बनवणाऱ्या जनुकांचे मोडके अवशेषही मानवी जीनोममध्ये सापडले आहेत. अंडी घालणाऱ्या पूर्वजांची याहून बोलकी निशाणी शोधून सापडणार नाही.

इथे जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांचे नाव निघतेच. भ्रूण आपल्या पूर्वजांच्या अवस्थांतून एकामागून एक जातो, हे त्यांचे मत फार लोकप्रिय झाले. १८६८च्या पुस्तकात तर त्यांनी कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या भ्रूणांसाठी एकच लाकडी ठसा वापरला आणि टीकेचे धनी झाले. त्यांच्या आधी भ्रूणशास्त्रज्ञ कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२८ साली मांडलेला विचार जास्त सावध होता. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या दोन भ्रूणांना नावाची चिठ्ठी लावायची राहून गेली आणि ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तनाचे हे आपल्याला सांगता येईना, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मात्र हे साम्य मधल्या अवस्थेतले. त्याआधी, म्हणजे रेषेच्या काळात, भ्रूण एकमेकांपासून बरेच वेगळे असतात. वाळूच्या घड्याळासारखी मध्ये चिंचोळी आकृती काढून हे समजावतात.

कायद्याचा संबंध आला तो १९७८ साली पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मल्यावर. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण किती दिवस वाढवावा? ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ साली चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. युक्तिवादाच्या मुळाशी जुळी होती. रेषा उमटेपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, मग ‘ही एक व्यक्ती’ असे आधी कसे म्हणणार? समितीतल्या जीवशास्त्रज्ञ ॲन मॅक्लारेन त्याआधीच्या अवस्थेला ‘भ्रूणपूर्व’ म्हणत. विरोधकांना ही शब्दांची चलाखी वाटली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. रेषेमुळे व्यक्तित्व सुरू होते असे जीवशास्त्र सांगत नाही. माझ्या मते समितीचे शहाणपण दुसरीकडे होते: तिने मोजता येणारी जागा निवडली. १९९०च्या ब्रिटिश कायद्यात तर रेषा चौदा दिवसांच्या अखेरीपर्यंत ‘उमटलीच’ असे गृहीत धरले आहे, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसो वा न दिसो. भ्रूण गोठवून ठेवलेला काळ या दिवसांत धरत नाहीत.

सगळ्या देशांनी ही खूण मानलेली नाही. जर्मनीचा १९९०चा कायदा पुरुषबीज आणि स्त्रीबीजाची केंद्रके एक झाल्यापासूनच भ्रूणाला संरक्षण देतो. अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली गोठवलेल्या भ्रूणांना अल्पवयीनांच्या मृत्यूच्या भरपाईच्या कायद्यात ‘मूल’ ठरवले, आणि तिथल्या काही वंध्यत्व उपचार केंद्रांनी तात्पुरते काम थांबवले.

भारतात मूलपेशी (स्टेम सेल) संशोधनाच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चौदा दिवस किंवा आद्य रेषा, यांपैकी जे आधी येईल ते बंधन आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आणि सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१चा कायदा मात्र वेगळेच गणित करतात: फलनापासून ५६ दिवसांपर्यंत भ्रूण. त्यापुढे गर्भ, असे गर्भलिंगनिदानविरोधी कायदा सांगतो. दवाखान्यात आणखी तिसरी मोजणी चालते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे धरतात, म्हणून चौदा दिवसांचा भ्रूण त्यांच्या कागदावर ‘चार आठवड्यांचा’ असतो. गर्भपाताच्या कायद्यातले २० आणि २४ आठवडे वाचताना हा दोन आठवड्यांचा फरक विसरून चालत नाही. गर्भोपनिषदात पंधरवड्यात ‘पिंड’ होतो असे म्हटले आहे. त्यावरून आपल्या पूर्वजांना आद्य रेषा माहीत होती असे संदेश फिरतात. त्या वर्णनात रेषा नाही, अक्षही नाही.

चौदा दिवसांचा नियम कित्येक वर्षे कुणाला टोचला नाही, कारण इतके दिवस भ्रूण जगवणे जमतच नव्हते. २०१६ साली केंब्रिज आणि न्यूयॉर्क इथल्या दोन गटांनी मानवी भ्रूण १२-१३ दिवसांपर्यंत वाढवला आणि नियमापाशी येऊन थांबले. मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली, चौदा दिवसांपुढे जाणे सरसकट निषिद्ध मानणारी आपली भूमिका सैल केली. नवा पेच मूलपेशींपासून बनवलेल्या भ्रूणसदृश रचनांचा आहे. त्यांतल्या काहींत रेषेसारख्या हालचाली दिसतात. पण तिथे फलनच झालेले नसते, त्यामुळे चौदा दिवस मोजायला पहिला दिवसच सापडत नाही.