घंटा, नगारा आणि पेटीची किल्ली

सरकारने तक्रारपेटी ठेवली, जनता दरबार भरवला किंवा नवे पोर्टल सुरू केले, की 'याने काय होणार?' हाच प्रश्न आधी उमटतो. ही शंका जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते.

जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला आणि त्याने पहिला हुकूम काढला तो न्यायाच्या साखळीचा. साठ घंटांची सोन्याची साखळी आग्र्याच्या किल्ल्यापासून यमुनाकाठच्या दगडी खांबापर्यंत बांधायची होती. न्याय देणारे दिरंगाई करत असतील, तर पीडिताने ती हलवावी, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. अधिकारी दाद देत नाहीत, हे बादशहाला ठाऊक होते. पण दूरच्या सुभ्यातल्या रयतेने आग्रा गाठायचे कसे?

कोरियात राजा तेजोंगने १४०१ मध्ये गाऱ्हाण्यांसाठी नगारा टांगला. तो वाजवण्याआधी मात्र स्थानिक अधिकाऱ्याकडे, मग वरच्या कचेरीकडे जावे लागे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारातून वाट! पुढे नगारा बंद पडला, तो १७७१ मध्ये पुन्हा सुरू झाला.

जपानची गोष्ट वेगळी आहे. शोगुन म्हणजे तिथला लष्करी सत्ताधीश. शोगुन योशिमुने याने १७२१ मध्ये एदो (आजचे टोकियो) शहरात कुलूपबंद पेटी ठेवली. महिन्यातून तीन ठरलेल्या दिवशी ती बाहेर येई आणि शोगुनसमोरच उघडली जाई, त्यामुळे मधल्या कारकुनाला एखादा अर्ज दडपता येत नसे. नाव-पत्ता नसलेला अर्ज बाद होई. ही अट भित्र्या माणसाला जाचक होती, हेही खरे. तरी ओगावा शोसेन या वैद्याने गरिबांसाठी रुग्णालय मागितले आणि १७२२ मध्ये कोइशिकावा इथे ते उभे राहिले.

राजाच्या मर्जीवर न विसंबणारी सोय स्वीडनने १८०९ च्या राज्यघटनेत केली. तिथला लोकपाल संसद नेमते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर तो खटला भरू शकतो. पुढे अनेक देशांनी लोकपाल हे पद घेतले, पण खटल्याचा अधिकार वगळून. त्यांच्या हाती उरली ती शिफारस.

ब्रिटनमध्ये आता ऑनलाइन अर्जावर १०,००० सह्या झाल्या तर सरकार उत्तर देते, एक लाख झाल्या तर संसदेतल्या चर्चेसाठी विचार होतो. निर्णयाचे बंधन कुठेच नाही. युरोपीय संघ सोडण्याची प्रक्रिया थांबवा, या २०१९ मधल्या अर्जावर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या. चर्चाही झाली, मात्र सरकारने आपला नकार त्याआधीच कळवून टाकला होता.