डेल्फ्टला अर्धा दिवस कशासाठी?

(नेदरलँड्स सहलीला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की पहिला फोन ठरलेला: "डेल्फ्टला अर्धा दिवस कशाला? त्यापेक्षा ट्यूलिपच्या बागेत जास्त वेळ द्या ना!" बाग आहेच. पण डेल्फ्टला एका भिंतीत पिस्तुलाच्या गोळ्यांची भोकं आहेत. त्यांची गोष्ट ठाऊक नसेल तर ती नुसतीच जुनी भिंत वाटते, म्हणून हे पत्रक. विमानात वाचलंत तरी चालेल.

ज्याच्यावर त्या गोळ्या झाडल्या तो विलेम, ऑरेंजचा राजपुत्र. डच लोक त्याला 'राष्ट्रपिता' म्हणतात. गंमत म्हणजे तो जन्माने डच नव्हे. 1533 मध्ये जर्मनीतल्या डिलेनबुर्गच्या किल्ल्यात, लुथरपंथी घरात तो जन्मला. अकरा वर्षांचा असताना चुलतभाऊ रने लढाईत गेला आणि फ्रान्समधलं ऑरेंज संस्थान, ब्रेडा आणि आणखी बरीच जहागीर या पोराच्या नावावर आली. नेदरलँड्सवर तेव्हा राज्य होतं सम्राट पाचव्या चार्ल्सचं, आणि त्याची अट एकच: मुलगा कॅथलिक म्हणून वाढला पाहिजे. तो तसा वाढला, दरबाराचा लाडका झाला. 1555 मध्ये थकलेल्या चार्ल्सने ब्रुसेल्सच्या दरबारात गादी सोडली, तेव्हा आधाराला हात ठेवला तो याच तरुणाच्या खांद्यावर.

असा माणूस बंडखोर व्हायला वेळ लागतो, आणि विलेमलाही लागला. चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप स्पेनमधून राज्य चालवू लागला. प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्याच्या शिक्षा विलेमला पटत नव्हत्या, पण तो बोलायचा बेताने. 'मौनी' हे टोपणनाव त्याला त्यातूनच चिकटलं, असं म्हणतात. 1567 मध्ये फिलिपचा सेनापती ड्यूक ऑफ अल्बा फौज घेऊन आला. त्याच्या न्यायसभेला लोक 'रक्तसभा' म्हणू लागले. विलेम आधीच जर्मनीला निसटला होता. मागे राहिलेले त्याचे सोबती एग्मोंट आणि हॉर्न यांची मुंडकी ब्रुसेल्सच्या भर चौकात उडवली गेली. विलेमचा थोरला मुलगा शिकत होता, त्याला उचलून स्पेनला नेलं. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

त्यात अल्बाने प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कर लादायचं ठरवलं. व्यापारी शहरांत त्यावर काय झालं असेल, हे आमच्या दुकानदार ग्राहकांना सांगायला नको.

रणांगणावर विलेमला फारसं यश आलं नाही, हेही सांगायला हवं. तीन सख्खे भाऊ त्याने लढायांत गमावले. पैसा उभा करणं, शहरांची मोट बांधणं, हार झाली तरी उठून पत्रं लिहायला बसणं, ही त्याची ताकद. 1574 मध्ये लायडन शहराला स्पॅनिश फौजेचा वेढा पडला, तेव्हा बांध फोडून शेतं बुडवायची आणि त्या पाण्यावरून होड्या शहरापर्यंत न्यायच्या, असा बेत झाला. 3 ऑक्टोबरला होड्या पोचल्या. उपाशी शहरात हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटला गेला. लायडनमध्ये त्या दिवशी आजही तेच खातात.

आता डच राष्ट्रगीत. त्यातला 'मी' म्हणजे विलेम, आणि पहिल्याच कडव्यात तो म्हणतो, स्पेनच्या राजाचा मी नेहमीच मान राखला! 2010 च्या विश्वचषक फुटबॉल अंतिम सामन्यात, समोर स्पेन असतानाही हेच गीत वाजलं. गीत रचलं गेलं तेव्हा बंडखोरांचं म्हणणं होतं की भांडण राजाशी नाही, त्याच्या अधिकाऱ्यांशी आहे. 1581 मध्ये मात्र नेदरलँड्सच्या बंडखोर प्रांतांनी फिलिपला राजा मानायचं सोडलं. त्या जाहीरनाम्याचा गाभा असा: राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नाही.

तोवर फिलिपने विलेमच्या डोक्यावर 25,000 सोन्याच्या नाण्यांचं इनाम लावलं होतं. 1582 मध्ये अँटवर्पला तो एका हल्ल्यातून वाचला. शुश्रूषा करणारी पत्नी शार्लोट मात्र गेली. 10 जुलै 1584 रोजी, डेल्फ्टच्या प्रिन्सेनहोफ या आपल्या राहत्या वाड्यात जेवून उठलेल्या विलेमला बाल्टाझार जेरार्डने जिन्यापाशी गोळ्या घातल्या. स्पेनने युद्ध संपवून या देशाचं स्वातंत्र्य मान्य केलं ते 1648 मध्ये. तोवर हे डच आपल्या वेंगुर्ल्यातही वखार थाटून बसले होते. जुन्या मराठी कागदांतले 'वलंदेज' ते हेच.

घराण्याच्या समाध्या ब्रेडाला, पण ते तेव्हा शत्रूकडे असल्याने विलेमला डेल्फ्टच्याच न्यूवे केर्क या चर्चमध्ये पुरलं. समाधीवर संगमरवरी विलेम पहुडला आहे आणि पायाशी त्याचा कुत्रा. धन्यामागे त्याने अन्नपाणी सोडलं, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण आमच्या सहलीतली मुलं तिथून हलत नाहीत.

प्रिन्सेनहोफ दुरुस्तीसाठी बंद असेल तर वास्तू बाहेरून दाखवू आणि तो वेळ चर्चला देऊ. मनोऱ्याच्या पायऱ्या अरुंद आणि पुष्कळ आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खाली चौकात कॉफी घ्यावी. जमायचं ठिकाण समाधीच्या बाजूचं दार नव्हे, चौकातलं मुख्य दार.