मूल गप्प का राहतं: लहान मुलांच्या जबाबामागचा इतिहास

अत्याचार झालेलं मूल चौकशीत बोलत नाही, याचं कारण आधी मुलातच शोधलं गेलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये उशिरा सांगणं आणि सांगितलेलं मागे घेणं हे अशा मुलांच्या वागण्याचे भाग मानले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण सुरू झालं. तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलांना तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले गेले. १९९० पर्यंत खटला चालून एकालाही शिक्षा झाली नाही.

त्या धड्यातून मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांची, मुलांना प्रश्न कसे विचारायचे याची एनआयसीएचडी पद्धत आली (हे अमेरिकेतल्या बालआरोग्य संस्थेचं नाव). आधी ‘ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण’ असे नियम, मग ओळखीच्या गप्पा, मग जत्रेसारख्या एखाद्या साध्या दिवसाचं वर्णन करायचा सराव; नंतर ‘काय झालं ते पहिल्यापासून सांग’. हो-नाहीचे प्रश्न अगदी शेवटी.

तरीही इस्रायलमधल्या २००५ च्या देशव्यापी अभ्यासात सुमारे ६५ टक्केच मुलांनी अत्याचार सांगितला. संशयित आई-वडिलांपैकी असेल तर आणखी कमी. पुढे दिसलं ते जास्त बोचरं: न सांगणारी मुलं गप्पांपासूनच आखडलेली असतात, आणि नेमकं त्यांच्याशीच विचारणारा कोरडा होतो. म्हणून २०१४ च्या सुधारित पद्धतीत आधाराला जागा मिळाली. शाबासकी मात्र बोलण्याच्या प्रयत्नाला, मजकुराला नाही.

आपल्याकडे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम २४ नुसार पोलिसांनी गणवेश न घालता, घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी जबाब घ्यायचा. कलम २६ नुसार विश्वासातलं माणूस सोबत आणि गरजेप्रमाणे दुभाषी. सांगली जिल्ह्यात खरी अडचण इथेच येते. जत तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात, ऊसतोडीच्या काही टोळ्यांत बंजारा बोली. घाईत टोळीतलाच कुणी दुभाषी म्हणून बसवला, की मुलाचं तोंड मिटलंच समजा. शिवाय दुभाष्या ‘काय झालं?’ याचं ‘त्यानं हात लावला का?’ करून टाकतो, आणि उलटतपासणीत बचावाला तेवढं पुरतं.

जबाब फिरवण्याबद्दल २००७ चा एक अमेरिकन अभ्यास आहे. २५७ प्रकरणांत सुमारे २३ टक्के मुलांनी आरोप मागे घेतला. घरातल्या मोठ्यांचा पाठिंबा नव्हता तिथे हे जास्त झालं. मुकादमाकडून उचल घेतलेल्या आईवर कसला दाब असतो, हे फडावर वेगळं सांगावं लागत नाही.