‘ओके’ची जन्मतारीख

‘ओके’ कुठून आला असं विचारलं की प्रत्येकाकडे एखादी गोष्ट तयार असते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक दगावला नाही त्या दिवशी ‘झिरो किल्ड’ अशी पाटी लागायची, त्याचं हे रूप, असं कुणी सांगतं. कुणी ग्रीक ‘ओला काला’चा, म्हणजे ‘सगळं ठीक’चा दाखला देतं. चॉक्टॉ या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेत ‘असंच आहे’ या अर्थाचा ‘ओके’सारखाच शब्द आहे. ती व्युत्पत्ती राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना इतकी पटली होती की कागदांना मंजुरी देताना ते ओ-के-ई-एच असं स्पेलिंग करत.

युद्धाची गोष्ट तारखेपुढेच टिकत नाही. युद्ध पेटलं १८६१ मध्ये. हा शब्द मात्र २३ मार्च १८३९ रोजीच ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आला होता. कोलंबिया विद्यापीठाचे भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसून त्याचा माग काढला आणि १९६३-६४ मध्ये लेखमालेतून तो मांडला. एका दोन अक्षरी शब्दासाठी माणसाने किती चिकाटी धरावी! मला तरी त्या चिकाटीपुढे बाकीच्या सुरस कथा फिक्या वाटतात.

बॉस्टनच्या पत्रकारांना त्या काळी आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. आपल्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ असायचं, तसंच. पण त्यांची गंमत अशी की आधी स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि मग त्या चुकीची आद्याक्षरं घ्यायची. ‘सगळं बरोबर’ला ‘शगळं भरोभर’ म्हणायचं आणि लिहायचं ‘श. भ.’! ‘ऑल करेक्ट’मधला पहिला ‘ए’ जाऊन ‘ओ’ आला, ‘सी’ जाऊन ‘के’ आला. ‘ऑल राइट’चं याच रीतीने ‘ओ. डब्ल्यू.’ झालं होतं. मॉर्निंग पोस्टचे संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या संपादकाला कोपरखळी मारताना ‘ओ. के.’ लिहिलं आणि वाचकांना कळावं म्हणून लगोलग ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही जोडला.

‘ओ. डब्ल्यू.’ आज कुणाला ठाऊक नाही. ‘ओ. के.’चीही तीच गत झाली असती, पण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक. समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणायला सुरुवात केली, न्यूयॉर्क शहरात ‘ओ. के. क्लब’ निघाला आणि अक्षरं घोषणेत गेली. विरोधकांनीही तीच अक्षरं उचलली. व्हॅन ब्यूरेन यांचे पाठीराखे आणि आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नाही, म्हणून ते फायलींवर ‘ओ. के.’ लिहीत, अशी कंडी त्यांनी पिकवली. ती निखालस खोटी होती, तरी कित्येक दशकं खरी म्हणून सांगितली गेली. व्हॅन ब्यूरेन निवडणूक हरले; पण तोवर समर्थक आणि विरोधक मिळून हा शब्द देशभर पोहोचवून बसले होते. नंतर तारयंत्र आलं. संदेश मिळाल्याची पोच द्यायला तार कचेऱ्यांना आणि रेल्वेला असा छोटा शब्द हवाच होता.

पोच देणं हेच या शब्दाचं खरं काम, असं मला वाटतं. त्यात कौतुक नाही आणि तक्रारही नाही. साहेबांनी फाईल ओके केली म्हणजे ती चालेल, एवढंच. म्हणून ‘भाजी कशी झालीय?’ला ‘ओके’ हे उत्तर आलं की करणाऱ्याचा चेहरा पडतो. तोच शब्द ताप उतरलेल्या माणसाने ‘आता ओके आहे’ असा उच्चारला की घर सुटकेचा श्वास टाकतं.

मराठीत त्याने क्रियापद, विशेषण, होकार, निरोप अशी सगळी कामं पत्करली आहेत. ट्रकच्या पाठीवर तो ‘हॉर्न’ आणि ‘प्लीज’च्या मधे जाऊन बसला. ही ओळ विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन देते म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीतून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटेलाचं वर्णन केलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी ‘ओक्केमध्ये’ बसलं. बॉस्टनच्या त्या दोन आद्याक्षरांतल्या ‘क’ला सांगोल्याच्या बोलीने द्वित्व दिलं आणि पुढे ‘मध्ये’ लावून दिलं.